ओल्या फडक्याखालचा चेहरा

३ नोव्हेंबर

माती आली. फोटो मात्र एकच – तोही समोरून! माजी सैनिकांच्या संस्थेला लढाईत गेलेल्या एका मुलाचा अर्धपुतळा वसतिगृहासमोर बसवायचाय. पण कडेनं तो कसा दिसायचा, हे मी काय स्वप्नात बघायचं? सेक्रेटरी म्हणाले, "त्याच्या आईंना पाठवतो. त्या सांगतील."

५ नोव्हेंबर

स्वप्नात खरंच आला. खिडकीकडे तोंड करून उभा. "जरा वळ ना," म्हटलं. वळला नाही.

८ नोव्हेंबर

काकू आल्या – त्याची आई. फोटोकडे ढुंकूनही बघितलं नाही. डोळे मिटून मातीवर हात ठेवला. "गाल भरलेले होते गं त्याचे." आणि अंगठ्यानं माती चढवायला लागल्या! दुसऱ्या कुणाला मी बोट लावू दिलं नसतं. त्यांना नको म्हणायला जीभ रेटेना.

१४ नोव्हेंबर

रोज येतात. माती वाळू नये म्हणून मी ओलं फडकं गुंडाळून ठेवते. ते सोडायचं काम आता त्यांचं. झोपलेल्याचं पांघरूण काढावं तसं हळूहळू सोडतात. दुपारचं ऊन तिरपं आत येतं, काकू काहीतरी गुणगुणत गालावर हात फिरवत राहतात, आणि मला स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी लागते. घरात माणूस असल्यासारखं वाटतं. काम संपूच नये असं वाटतं – अशानं माझा धंदा बसणार!

१६ नोव्हेंबर

काकू आल्या नाहीत. करमेना.

१९ नोव्हेंबर

सेक्रेटरी बघायला आले. "अहो, हा तर शाळेतला पोरगा!"

मी चिडले. मग दारापाशी जाऊन लांबून पाहिलं. लष्करी गणवेशात दहा-बारा वर्षांचं पोर! काकूंच्या हातांना तेवढाच ठाऊक. मिसरूड फुटलं नि भरती झाला. रजेवर आलेल्या मिशीवाल्या मुलाच्या गालावरून कोण रोज हात फिरवतं? आणि मी, पुतळ्यांत केस पिकवलेली बाई, समोर बसून पेंगत होते.

२० नोव्हेंबर

त्याच्या पलटणीतला दोस्त येऊन गेला. जबडा, मान, उभं राहायची ढब – सगळं सांगितलं. नाक सरावात मोडलं होतं म्हणे. फोटोवाल्यानं ते सरळ केलं. "घरी बोलू नकोस म्हणायचा. आई जेवणार नाही म्हणायचा."

२१ नोव्हेंबर

काकूंना निरोप धाडला – दोन दिवस येऊ नका. मग गाल खरवडले. त्यांच्या अंगठ्यांचे ठसे होते तिथे. तरी खरवडले. खालून जबडा आला, कपाळाची आठी आली. नाक वाकडं केलं.

परवा साचा घ्यायचाय. त्याआधी काकूंनी बघायलाच हवं. माझ्या पोराचं काय केलंस, असं विचारलं तर? फार भीती वाटते.

२३ नोव्हेंबर

फडकं काकूंनीच सोडलं. हात गालापर्यंत नेला, आणि मागे घेतला. जरा लांब जाऊन बघत राहिल्या.

"एवढा मोठा झाला होता?" म्हणाल्या.