कडू नसलेली पूड

चेन्नई,
७ ऑगस्ट २००६

प्रिय सेतुमाधव,

आशीर्वाद. तंजावरला सगळे बरे असाल. इथे पाणी एक दिवसाआड येतं, ऊन हटत नाही, आणि मंडळात माझ्या भाषणांना लोक अजून येतात. फोन केला की तुम्ही तो न बोलता घरात कुणाच्या तरी हातात देता, म्हणून लिहितो.

तुमचा राग मला पाठ आहे. मधुमेहामुळे जयवंतीच्या पायाची जखम भरेना, आणि मी तिला डॉक्टरांच्या अभ्यासात घातलं. तेव्हा एग्मोरच्या फलाटावर तुम्ही म्हणालात, "माझ्या अक्काला उंदीर केलात, भावोजी." मी तिथेच तुम्हाला व्याख्यान दिलं. आर्जिनीन नावाचं अमिनो आम्ल, आपल्या डाळीत, शेंगदाण्यात असतंच. रक्तवाहिनीचं अस्तर त्यातून एक वायू तयार करतं. त्यानं वाहिनी सैल होते, नव्या बारीक वाहिन्यांना फुटायला बळ मिळतं. मधुमेहात हे काम मंदावतं. मग आर्जिनीन वरून दिलं तर पायात नव्या वाहिन्या वाढतील का? अंदाज चांगला होता. पण नुसत्या अंदाजावर औषध देत नाहीत. म्हणून निम्म्यांना खरी पूड, निम्म्यांना दिसायला तशीच, पण काही गुण नसलेली. कुणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. बाकी उपचार सगळ्यांना सारखे.

मंडळात यावर मी तासभर बोललो. "पोकळ पूड घ्यायला कुणी तयारच नसेल, तर खऱ्या पुडीची परीक्षा होणार कशी? मग भोंदू वैद्यांना कुठल्या तोंडानं दोष देता?" टाळ्या पडल्या. जयवंती तिसऱ्या रांगेत होती.

गेल्या महिन्यात अभ्यास संपला आणि कुणाला काय मिळालं ते सांगितलं. जयवंतीची पूड पोकळ होती. खरी घेतलेल्यांचे पायही फारसे सुधारले नाहीत. हे मी वाद जिंकायला सांगत नाही. जिंकण्यासारखं त्यात काही नाही.

परतताना रिक्षात मी तिला हे हळूहळू सांगायला लागलो. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कसं?"

"गुम्मिडिपूंडीची ती बाई शेजारी बसायची ना. तोंड वाकडं करून म्हणाली, रोम्ब कसप्पु, अक्का. फार कडू. माझी ताकात घातली की नुसतं ताकच लागायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला काढून आणलं असतं. आणि कुणीतरी ती घ्यायलाच हवी ना. तुम्हीच म्हणालात." मग तिनं रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितलं.

सेतुमाधव, मी चूक बोललो नव्हतो. आजही त्याच व्यासपीठावरून तेच बोलेन. पण ते लोकांनी ऐकावं म्हणून बोललो होतो, तिनं ऐकावं म्हणून नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती माझ्या सभांना नुसती सोबत म्हणून येते.

आता जे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ते. अंगठा मे महिन्यातच काढला. तिनं तुम्हाला कळवू दिलं नाही. आता सतरा तारखेला गुडघ्याखालून पाय काढायचा आहे. येईल त्याला ती सांगते, "मला काही भीती नाही." परवा ती त्या पायाला तेल लावत बसली होती. दुसऱ्याला नाही.

तुम्ही या. तिला आत नेतील तेव्हा हात धरून कुणीतरी "सगळं ठीक होईल" म्हणायला हवं. मला ते तुमच्यापेक्षा चांगलं म्हणता येतं. पण मी म्हटलं की ती खरं मानते. तुमचं तिनं लहानपणापासून कधीच खरं मानलेलं नाही, तुम्ही बोललात की ती हसते.

अजून मानत असाल तर,
तुमचा भावोजी,
वसंत