व्याह्याच्या शेजारचं आसन

बुधवार, ८ फेब्रुवारी २००६

जायचं ठरलं! उद्या सकाळच्या एस.टी.नं दारव्हा, तिथून पुसद. पुसदच्या पलीकडे टेकडीवर विहार आहे, तिथं ध्यानशिबिर. राहायचं तिथंच, बोलायचं नाही. भंतेजींनी यंदा खेड्यापाड्यांतल्या उपासकांसाठी मुद्दाम ठेवलं आहे. का, ते कोणाला विचारावं लागत नाही. गावोगाव शेतकऱ्यांचं जे चाललं आहे ते सगळे पाहतातच.

मन होतंच, पण जोर नलूनं धरला. "जाच तुम्ही. कापसाच्या जिनातलं काम सुटलं, तूर घरात आली. बसून माह्या तोंडाकडं पाहत राहान." वाटलं होतं, इतके दिवस घर सोडतो म्हणून हिचा चेहरा उतरेल. उलट पिशवी दुपारीच भरून तयार! आणि मधली खोली चुन्यानं पोतायला काढली. मी म्हटलं, "जयंतीले दोन महिने हायेत अजून." तर म्हणते, "मंग ऐन वक्तावर कोण पोतन, तुम्ही?" बरोबर आहे. कामाची बाई आहे.

ममताचा विचार तेवढा सोबत येणार. नववा लागला पोरीला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिचे सासरे, आमचे व्याही डोमाजी, पाठवायला तयार नाहीत. त्यांचा निरोप एकच — "इवायानं येऊन माफी मागावं, मंग न्यावं पोरीले."

माफी कशाची? मागच्या हंगामात मी आर्णीच्या खरेदी केंद्रावर होतो. साहेब येण्याआधी गाडीत हात घालून कापूस पाहायचा, हे माझं काम. डोमाजींची गाडी आली. हात कोपरापर्यंत घातला. आतला कापूस ओला. ओल्याला ओला म्हटलं, गाडी परत गेली. रांगेत त्यांच्या ओळखीचं अख्खं गाव उभं होतं. तेव्हापासून आमच्यात अबोला, आणि ममताचं माहेर बंद.

मी खोटं बोललो नाही. आता 'चुकलं' म्हणालो तर तेच खोटं होईल. रोज सकाळी पंचशील म्हणतो, ते काय तोंड धुण्यापुरतं?

मन स्वच्छ करून येतो. मग रस्ता दिसेल. दिसेलच.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

पोचलो. टिनाचा मोठा हॉल, बाहेर कडुनिंब, खाली पाण्याची टाकी. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बरं वाटलं.

भंतेजींनी नियम सांगितले. उद्या पहाटेपासून मौन. खुणासुद्धा नाहीत. दुपारनंतर जेवण नाही. वाचन नाही. "ज्यांना लिहायची सवय आहे त्यांनी दिवसाला चार ओळी लिहाव्या. पण कागदाशी गप्पा मारू नका!" सगळे हसले. मी नाही हसलो. मला वाटलं, यांना कसं कळलं?

मग आसनं वाटली, आलेल्या क्रमानं. माझ्या डाव्या हाताचं आसन रिकामं होतं. संध्याकाळच्या गाडीनं शेवटचा माणूस आला. खांद्यावर दुपट्टा, हातात स्टीलचा डबा.

डोमाजी!

त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. दोघांनी बुद्धमूर्तीकडे पाहिलं.

सेवकाला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, जागा बदलून भेटन का?"

"काहून? बोलायचं थोडंच हाये कोणाशी!"

शुक्रवार, १० फेब्रुवारी

मौन मला जड जात नाही. बाकीच्यांचे ओठ हलतात, माझे नाही. श्वास आत, श्वास बाहेर, नाकाच्या शेंड्यावर लक्ष. जमतंय.

एकच घोटाळा झाला. जेवणाच्या रांगेत मी पुढे आणि डोमाजी मागे. मुलीचा बाप व्याह्याच्या आधी ताट कसं उचलणार? मी मागे सरकलो. पण मी वयानं मोठा, म्हणून ते मागे सरकले. मी पुन्हा मागे, ते पुन्हा मागे! दोघं सरकत सरकत रांगेच्या शेवटी गेलो आणि वरण संपलं. सेवकानं कपाळाला हात लावला. ओरडता येत नाही, नाहीतर ओरडला असता.

दोघांनी कोरडा भात खाल्ला. शेजारी शेजारी.

शनिवार, ११ फेब्रुवारी

आपला श्वास पाहायचा. मला ऐकू येतो तो डोमाजींचा. नाकात बारीक शिट्टी वाजते. आत जाताना नाही, बाहेर येताना. मी पकडतो माझा श्वास, हाती येते त्यांची शिट्टी.

ताट ज्याचं त्यानं धुवायचं. आज ते टाकीवर उकिडवे बसले आणि ताट घासताना त्यांच्या टाचा दिसल्या. भेगाच भेगा. ममताच्या लग्नात याच पायांवर मी पाणी घातलं होतं. तेव्हा पाय काय पाहतो माणूस! नुसतं पाणी घालतो.

चार ओळी होऊन गेल्या.

रविवार, १२ फेब्रुवारी

पाय बधिर झाले. उठलो नाही. जिंकलो!

सोमवार, १३ फेब्रुवारी, माघ पौर्णिमा

आज एकेकाला भंतेजींनी बोलावलं. तिथं हळू आवाजात बोलायची परवानगी होती. इतक्या दिवसांनी स्वतःचा आवाज ऐकला, दुसऱ्याच कोणाचा वाटला.

सगळं सांगितलं. नाव नाही सांगितलं. विचारलं, "भंतेजी, 'चुकलं' म्हटलं तं शील मोडते. नाही म्हटलं तं पोरगी येत नाही. काय करू?"

त्यांनी विचारलं, "कापूस ओला होता?"

"होता."

"मग ते राहू द्या. किती जणांत सांगितलं?"

"पूर्ण रांग होती, भंतेजी."

"आणि आता बोलाल तेव्हा किती जणांत बोलाल?"

मी आसनाची कड सरळ केली.

"उपासक, खरं बोलायचंच. पण माणसाला खरं ऐकायला बसायला जागा द्यावी लागते."

बाहेर आलो. यात माफी कुठंच नव्हती. म्हणजे रस्ता आहे! मौन सुटलं की मीच आधी बोलणार. कडुनिंबाखाली, दोघंच. त्यांना आधी बसवीन. माझं ठरलं आहे, आणि ठरलेलं मी करतो.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

मैत्रीभावना शिकवली. आधी स्वतःचं मंगल चिंतायचं, मग घरच्यांचं, मग ज्याच्याशी पटत नाही त्याचं.

पहिल्यांदा व्यापाऱ्यांचं चिंतलं. मग शेजारच्या त्या कुत्र्याचं, ज्यानं माझी चप्पल फाडली. मग पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचंसुद्धा चिंतलं — तीही जीवच. सगळ्यांचं चिंतून झालं तरी घंटा होईना. आणि डाव्या बाजूला शिट्टी चालूच.

शेवटी म्हटलं, डोमाजींचं मंगल होवो. त्यांच्या टाचा बऱ्या होवोत. एवढंच आलं मनात. पण आलं.

बुधवार, १५ फेब्रुवारी

आज काही घडलं नाही. छान दिवस.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

सकाळच्या बैठकीत पुढच्या ओळीतला एक तरुण हुंदके देऊन रडायला लागला. दिवाळीनंतर त्याचा मोठा भाऊ गेला. फवारणीचं औषध प्यायला. पहिल्या दिवशी नाव लिहून देताना त्यानं सांगितलं होतं. कोणी उठलं नाही, कोणी 'रडू नको' म्हटलं नाही. सगळा हॉल त्याच्यासोबत श्वास घेत राहिला. तो थांबला तेव्हा थांबला.

घंटा झाल्यावर मी घाईनं उठलो आणि पाय होता कुठं? बधिर! तोंडावरच पडणार, तेवढ्यात कोणीतरी कोपर धरलं. डोमाजी. मी सावरेपर्यंत धरून ठेवलं, मग सोडलं. वर पाहिलंही नाही.

उजवं कोपर. याच हातानं त्यांचा कापूस पाहिला होता.

शनिवार, १८ फेब्रुवारी

मौन सुटलं! आणि माणसांच्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? भाव! "पुसदले काय भाव चालू हाये?" — हॉलच्या पायऱ्यांवरच. भंतेजीसुद्धा हसले.

मी ठरवल्याप्रमाणे कडुनिंबाखाली गेलो. दुपट्टा अंथरला. डोमाजी टाकीपाशी उभे होते. हाक मारली, "इवाई, या. बसा."

ते आले, पण उभेच राहिले. "मले वाटलं, इथं बी रांग लागन."

"नाही. दोघंच हावो."

मग बसले. बराच वेळ टाचेची भेग चोळत राहिले. म्हणाले, "दवानं ओला झालता तो कापूस."

मी विचार केला. म्हटलं, "ओला होता. कशानं, ते मी पाह्यलं नाही. पण तुमाले बाजूले घेऊन सांगतलं असतं तं बरं झालं असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बस, हेच! एवढंच पाह्यजे होतं मले. गाडी वापस घेऊन जायचं दुःख नव्हतं, बुवा. पोट्टे मागून वरडून राह्यले होते — इवायानं इवायाले धुतलं! आर्णीत चहा प्यायची सोय राह्यली नाही मले."

"हो, ते झालं खरं."

"अन् तुम्ही भाताच्या रांगेत मांगं मांगं काहून सरकत होते? उपाशी ठेवलं मले!"

"तुम्ही बी तं सरकत होते!"

मग जे हसलो! सेवक धावत आला — बोलायची मुभा होती, इतकं हसायची बहुतेक नव्हती.

ते म्हणाले, "मी काही याले तयार नव्हतो. आमच्या घरची मांगंच लागली. जा म्हणे पुसदले, डोकं थंड करून या. आलो, पाह्यतो तं बाजूले तुम्ही! म्हटलं, आता याहून जास्त काय गरम होईन?"

मग मी विषय काढला. ममताचा. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. त्यांनी ऐकून घेतलं. "परवा आमचा राजदीप आणून सोडते तिले. खड्ड्याचा रस्ता हाये, जीप सांगतो. पण बाळंतपण झाल्यावर पोरगं असो का पोरगी, पाळण्यात नाव ठेवाले मी येईन. पहिले मले बलवायचं!"

"तुमच्याबिगर दोरीच ओढत नाही," मी म्हटलं.

झालं. कोणी मध्यस्थ नाही, पंच नाही. दोन माणसं नऊ दिवस गप्प बसली आणि वर्षाची गाठ सुटली. साधनेत केवढी ताकद आहे! घरी गेल्यावर नलूला नीट समजावून सांगावं लागेल. तिला वाटतं, डोळे मिटून बसल्यानं काय होते.

रविवार, १९ फेब्रुवारी

घरी आलो. दारातच विहीणबाई सूप घेऊन बसलेल्या — डोमाजींच्या घरच्या, माझ्या ओट्यावर! म्हणाल्या, "या इवाई. जयभीम. पाय धुवा अन् मंग आत जा."

मधल्या खोलीत, नव्या पोताईच्या वासात, ममता झोपलेली. आम्ही दोघं शिबिराला निघालो त्याच दुपारी जावयानं, राजदीपनं, तिला इथं आणून सोडलं होतं. सासूसकट. नलू माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दोघायची तोंडं आठ-दहा दिवस बंद, असा मोका मंग कवा भेटला असता? अन् निरोप तरी कसा देऊ? तुमचं मौन होतं ना."

राजदीप आर्णीला गेला आहे. डोमाजी घराचं कुलूप पाहत ओट्यावर बसले असतील, त्यांना घेऊन येतो.

ममताच्या कुशीत पोरगी आहे. दारव्ह्याच्या दवाखान्यात झाली, दोघी सुखरूप. श्वास घेताना नाकात बारीक शिट्टी वाजते. बुधवारी झाली.