डोंगराला कुंपण नाही

२ मार्च २००१, शुक्रवार

फाटकात पेंढा पसरलाय, त्यावर औषध ओतलंय. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बूट त्यात बुडवायचे. येणारं आहे कोण म्हणा! पोस्टमनसुद्धा पत्रं भिंतीवरच्या डब्यात टाकून पळतो. खाली सपाटीवर जनावरांत लाळ्या-खुरकूत शिरलंय. टीव्हीवर नुसत्या चिता, आणि गाईंचे पाय वर. जॉन्टीनं बंद केला.

"इथवर कशाला येतंय, नेल? डोंगरावर वारा आहे चांगला."

वाऱ्यानंच पसरतं म्हणतात. नवऱ्याला सांगितलं नाही.

६ मार्च

जनावरांची वाहतूक बंद! म्हणजे आमच्या पोरी खालीच अडकल्या. गेल्या वसंतात जन्मलेल्या सगळ्या मेंढ्या – हिवाळ्याला समुद्रकाठी ब्रेंडाच्या कुरणात पाठवल्यात, दरवर्षीसारख्या. एक एप्रिलला घरी यायच्या. ब्रेंडाचा फोन आला. पोरी ठणठणीत आहेत म्हणाली. "पण नेल, मोजल्या की दर वेळी एक जास्तच भरते गं."

जॉन्टी म्हणे, "खालच्यांना मेंढ्या मोजता येतात होय? त्यांना गाईची सवय. गाय उभी राहते."

बऱ्याच दिवसांनी हसलो.

११ मार्च, रविवार

चर्च नाही. कुणी कुणाकडे जायचं नाही. मोठ्या मेंढ्या डोंगरावरून खालच्या शेतांत उतरवल्या. पुढच्या महिन्यात विणार. सगळ्या पोटुशा, आणि नखरे तर विचारू नका. फाटक्या कानाची म्हातारी सगळ्यात पुढे, जशी काही शेताची मालकीण तीच.

१९ मार्च

आयझॅककडे निघालं.

ओढ्यापलीकडचा आयझॅक. त्यानं स्वतःच फोन केला. "नेल, माझ्याकडे आलंय." मग – "तुमची म्हातारी मी आणून सोडली होती ना."

फेब्रुवारीत आमची फाटक्या कानाची त्याच्या मेंढवाड्यात शिरली होती. तशी ती चुकत नाही, पण बर्फाचा दिवस होता. तिच्या डाव्या कानाला आमची खाच. आयझॅकच्या मेंढ्यांच्या उजव्या कानाचं टोक उडवलेलं असतं. आंधळ्यानंही चाचपून सांगावं कुणाची कोणती. दुसऱ्याची मेंढी ठेवून घेतली तर या खोऱ्यात तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून त्यानं लगेच गाडीत घातली, आणून दिली. आल्याचा केक खाल्ला, दोन तुकडे. वर जॉन्टीला म्हणाला, "मेंढी पळाली तर आणून देईन लेका. बायको पळाली तर मात्र तुझं तू बघ!"

त्याच आठवड्यात त्यानं बाजारातून चार मेंढ्या आणलेल्या. त्यांतूनच आलं. त्याला तरी काय माहीत.

२२ मार्च

सरकारी डॉक्टर आली. कोवळी पोर, न्यूझीलंडहून मदतीला आलेली. पांढरा झगा, डोळे सुजलेले. आमच्या मेंढ्यांचे पाय पाहिले, तोंडं पाहिली. एकही आजारी नाही.

जॉन्टी म्हणाला, "एकही आजारी नाही."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

शेजारी निघालं, तिथे राहिलेली मेंढी इथे आली, म्हणून सगळ्या जाणार. नियम. कागदपत्रं भरता भरता तिनं विचारलं, वर कुंपण दिसत नाही, मग या पळून जात नाहीत? काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं असेल. पण जॉन्टी असा बोलायला लागला की लग्नापासून मी त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

"पोरी, त्यांना आई शिकवते. आईला तिच्या आईनं शिकवलं. माझ्या खापरपणजोबाच्याही आधीपासून. ओढ्याच्या अलीकडे आपलं, पलीकडे आयझॅकचं. एकदा आईमागून फिरलं की जन्मभर हद्द सुटत नाही. डोंगर माझा नाहीच, मी कूळ आहे. डोंगर त्यांचा. या मारल्यास, नि उद्या पैसे देऊन नव्या आणल्या, तर त्यांना कोण दाखवणार? कुठेही भटकतील. कड्यावरून पडतील. भिंती दगडाच्या बांधता येतात. ही भिंत कशी बांधायची, सांग मला!"

तिनं कागद पुढे सरकवला. मग सही मागितली.

२४ मार्च, शनिवार

झालं.

२५ मार्च

लिहून टाकते, नाहीतर छातीत अडकून बसेल. भिंतींच्या कोपऱ्यात कोंडल्या. जॉन्टीनं स्वतः हाकल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्या त्याच्यामागून गेल्या. दरवर्षी कोपऱ्यात गेलं की लोकर कापणं, औषध, मग डोंगर. त्यांना वाटलं असेल तेच. पोटातली कोकरं नंतरही थोडा वेळ हलत होती. बस.

गिप कुत्रा फाटकाशी बसून आहे. हाक मारली तर येत नाही.

जेवताना – म्हणजे ताटाकडे बघताना – जॉन्टी म्हणाला, "आयझॅक चोर असता तर वाचलो असतो."

"काय बोलतोस!"

"खोटं आहे का? ठेवून घ्यायची होती म्हातारी. चोरायची होती. भला माणूस! त्याच्या भलेपणाला आग लागो."

खोटं नव्हतं. आणि आयझॅकच्या जागी जॉन्टी असता तर त्यानं तर त्याच दिवशी, भर बर्फात, पायी नेऊन दिली असती.

१ एप्रिल

आज पोरी घरी यायच्या होत्या. पाऊस.

१५ एप्रिल, ईस्टर

आयझॅक आला होता. बायको गेल्यापासून एकटाच. फाटकाबाहेर पेंढ्यात उभा राहिला, टोपी हातात. एरवी घरच्या माणसासारखा आत यायचा, आज हाक मारायचाही धीर नाही. माझ्या आधी जॉन्टीनं त्याला पाहिलं. माझ्याकडे वळून, त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "त्याला सांग, परत करायला इथे आता काही उरलेलं नाही."

आयझॅकनं टोपी घातली आणि गेला. त्याच्या चालण्यात जीव राहिला नाही.

मी जॉन्टीला नाही नाही ते बोलले. तो गोठ्यात गेला, रिकाम्या. मी त्याच्यासाठी रडले, आयझॅकसाठी रडले, मग चिडून भांडी घासली. सणाचं कोकराचं मटण या घरात कुणी आणलं नाही, हे सांगायला नको.

९ मे

रेडिओवर एक विद्वान बाई बोलत होत्या. आपला ग्रामीण वारसा, दगडी भिंती, हिरव्या टेकड्या, वगैरे. वारसा म्हणे! वारसा चुना टाकून खड्ड्यात पुरलाय, बाई. तुम्ही भिंतीचे फोटो काढा.

डोंगरावर एक मेंढी नाही. आमची नाही, आयझॅकची नाही. इतकं शांत की ओढा अंगावर येतो. त्यांच्या खुरांनी पडलेल्या वाटा बुजायला लागल्यात. अजून एक उन्हाळा, की कळणारही नाही कुठून जायच्या.

जॉन्टी वर जात नाही. दाढी करत नाही. बंदुकीची काडतुसं मी पिठाच्या डब्यात लपवली. त्याला कळलंय. काल मी ब्रेडचं पीठ मळताना त्यानं डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाणी आणायला गेला. विचारत नाही, मी सांगत नाही. देवा, हा माणूस माझ्या हातून जाईल अशी भीती वाटते.

२ जून

पोरींचं रक्त तपासलं, स्वच्छ निघालं. घरी आणायची परवानगी आली! मी ओरडत गोठ्यात गेले.

"नको," जॉन्टी म्हणाला. "ब्रेंडाला सांग, तिकडेच विकून टाक."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"एक उन्हाळा आईमागून फिरल्या त्या. एक. त्यांना काय आठवणार? पुढे चालायला म्हातारी नाही. पलीकडे आयझॅकच्याही नाहीत, अडवायला. सोडल्या की जातील वाट फुटेल तिकडे. ते मला बघायचं नाही, नेल. कोपऱ्यातलं बघितलं. हे नाही बघणार."

"शाळेत तूही एकच उन्हाळा गेला होतास. सही करता येते ना?"

हसला नाही. मी ब्रेंडाला फोन केला आणि गाडी ठरवली. होऊ दे काय व्हायचं ते. त्यांना हद्द आठवली नाही तर मग हे घर सोडायचं. मनाशी ठरवलंय. त्याला इथे रिकाम्या डोंगराखाली ठेवायचं नाही.

१४ जून

पोरी आल्या. मोठ्या झाल्या! गाडीचं दार मीच उघडलं, जॉन्टी गोठ्यातून बाहेर आला नाही. धक्काबुक्की करत उतरल्या, सगळ्या राखी, सगळ्या सारख्या. पाठीवरचे खुणेचे रंग पावसानं धुऊन गेलेत. मोजल्या नाहीत मी. रडत होते, मोजणार काय. उद्या वरचं फाटक उघडायचं.

गिप फाटकापासून उठला. एवढं झालं.

१५ जून

फाटक मी उघडलं. पोरी उभ्याच. माझ्याकडे बघतायत. हाकलू की नको? मागून बुटांचा आवाज. जॉन्टी. दाढी वाढलेली, शर्ट कालचा. म्हणाला, "हाकलू नकोस. उभी राहा."

राहिले. एक हलली. मग दुसरी. मग सगळ्या ओळीनं, बुजलेल्या वाटेनंच, जशी काही ती काल वापरलीय. मधल्या कातळाला वळसा घालून, दलदल टाळून. म्हातारी जायची तशा. ओढ्याशी पोचल्या. पलीकडे गुडघाभर कोवळं गवत, खायला कुणी नाही, अडवायला कुणी नाही. आणि त्या थांबल्या! काठाकाठानं चरायला लागल्या.

जॉन्टी ओल्या गवतात फतकल मारून बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी.

मग एक ओढ्यात उतरली.

"गेली," तो म्हणाला. "बघ. सांगितलं होतं तुला." शिट्टीसाठी बोटं तोंडापर्यंत नेली, आणि तिथेच राहिली. कारण ती भटकत नव्हती. सरळ पलीकडचा चढ चढली, मागे न बघता, आणि उंच दगडाच्या आडोशाला जाऊन बसली. आयझॅकच्या मेंढ्या दुपारच्या बसायच्या, तिथेच.

"दुर्बीण," जॉन्टी म्हणाला. मी धावत आणली. त्यानं कितीतरी वेळ पाहिलं.

"उजवा कान. टोक उडवलेलं."

"म्हणजे ब्रेंडाला एक जास्त भरायची ती..."

"नोव्हेंबरात धुक्यात भरल्या मी गाडीत. कान बघितले नाहीत." दुर्बीण खाली घेतली. "म्हणजे हिवाळाभर मी त्याची मेंढी ठेवून घेतली. नेल, चोर मीच की!"

आणि हसला. कसला विचित्र हसला, पण हसला.

१६ जून

जॉन्टी सकाळी दाढी करून निघाला. मी आल्याचा केक फडक्यात बांधून दिला, आणि न बोलवता मागे गेले. आयझॅकच्या फाटकाशी त्यानं बूट पेंढ्यात बुडवले आणि टोपी काढली. आयझॅक दारात आला. किती वाळलाय!

"आयझॅक," जॉन्टी म्हणाला, "तुझी एक माझ्याकडे राहिली होती. परत करायला आलोय."