पहिला नवरा

२० फेब्रुवारी

आज माझं लग्न झालं. मडक्याशी!

इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. अनिशला तर मुळीच नाही. रविवारी त्याच्याशी माझं खरं लग्न आहे आणि माझ्या पत्रिकेतला कडक मंगळ आईनं त्यांच्याकडे दाखवलेलाच नाही. त्यावरचा उतारा म्हणून हा कुंभविवाह. मुलीचं आधी मडक्याशी लग्न लावायचं, मग ते मडकं समुद्रात नेऊन फोडायचं. पहिल्या नवऱ्यावर जे यायचं ते मडक्यावर येऊन जातं, दुसरा सुखरूप राहतो. गुरुजींनी हे इतक्या सहज सांगितलं, जसं काही गॅसची नळी बदलायची आहे.

गिरगावातच, गुरुजींच्या मागच्या खोलीत, खिडक्या लावून उरकलं. आई, मी, गुरुजी आणि नवरदेव. नवरदेव लाल मातीचे, पोटात पाणी, तोंडाला लाल फडकं. आम्हा दोघांभोवती दहा वेळा सूत गुंडाळलं. मला हसू आवरेना. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, परळच्या लॅबमध्ये दिवसभर जंतू वाढवते — आणि मडक्याला हार घालतेय!

मग गुरुजी म्हणाले, "डोळे मिटा. कुंभाच्या जागी वराचं रूप मनात आणा."

अनिशचं आणायला गेले. आला हितेंद्र.

तेवढंच असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण मी त्याला घालवलं नाही. म्हटलं, राहू दे. चार वर्षं ज्याच्याशी लग्न करायचं घोकत होते त्याच्याशी पाच मिनिटं तरी होऊ दे. आईनं तीन दिवस जेवण सोडलं आणि मी चार वर्षं सोडली — त्याने नाही, मीच. मंगळाचं सांगितलं तेव्हा तो लालबागच्या त्याच्या चाळीच्या जिन्यात बसून खो खो हसला होता. "आमच्या राशीला शनी आहे, राहू आहे, वर आमची आई आहे. मंगळाला जागा कुठे?"

डोळे मिटूनच त्याला हार घातला. रडू आलं. आईला वाटलं, धुरानं.

साडेअकराला लग्न, बाराला मी विधवा. आई मडकं पिशवीत घालून चौपाटीवर गेली. मला आंघोळ, कोरा ड्रेस. आई आल्यावर आम्ही पियूष प्यायलो.

२३ फेब्रुवारी

लग्न झालं. या वेळी माणसाशी.

२ मार्च

परळचं घर छोटं आहे, पण हवा येते. सासू-सासरे पुण्याला परत गेले. अनिश चांगला आहे. खरंच चांगला. भाजी चिरताना बेसूर गातो, माझे टोप माझ्या आधी घासून ठेवतो. 'एक मित्र होता' एवढं मी त्याला साखरपुड्याआधी सांगितलं होतं. "बरं," म्हणाला. पुन्हा विचारलं नाही.

अशा माणसाच्या शेजारी बसून मी आज काय केलं? हितेंद्रचं नाव काढून व्हॉट्सॲप बघितलं. लास्ट सीन — २० फेब्रुवारी, ११.५२.

दहा दिवस! हा माणूस मंडपाच्या लायटिंगची कामं घेतो, फोन हातातून खाली ठेवत नाही.

'कसा आहेस' टाकलं. एकच टिक.

आणि मग ते डोक्यात आलं, इतक्या दिवसांत जे आलं नव्हतं. फोडायचं मडकं होतं. पण त्या मडक्यात मी कुणाला घातलं होतं?

३ मार्च

एकच टिक.

९ मार्च

घरात ओल्या मातीचा वास येतो. नवीन माठ धुतल्यावर येतो तसा. उशीपाशी जास्त. अनिशला येत नाही. "भिंतीला ओल असेल," म्हणाला आणि खुर्चीवर चढून सगळ्या भिंती चाचपून आला. सगळ्या कोरड्या.

दंडावर बारीक लाल रेघ उठली आहे. सूत जिथे होतं तिथेच. लॅबमधली स्पृहा म्हणाली, ॲलर्जी, मलम लाव. लावतेय.

१४ मार्च

धुळवड. अनिशनं दारातच रंग लावला. अंघोळीनंतर सगळा गेला, दंडावरची रेघ गेली नाही.

१९ मार्च



लॅबमध्ये आम्ही नाव बघत नाही, बारकोड बघतो. आज बारकोड फाटला होता म्हणून फॉर्म उलगडला. हितेंद्र आनंदा घाडी. पुरुष, ३२. आयसीयू. घशातल्या नळीतला स्राव, कल्चरसाठी. घशात नळी, म्हणजे व्हेंटिलेटर.

ॲडमिशनची तारीख: २० फेब्रुवारी.

मी ती प्लेट लावली. बाकीच्या एकवीस प्लेटी पण लावल्या. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

२१ मार्च

जाऊन आले. लॅबचं ओळखपत्र दाखवलं, सोडलं त्यांनी.

बाहेर बाकावर त्याची आई. रखमामावशींनी मला एकदाच पाहिलं होतं, तरी ओळखलं. "गिरगावातली मां गो तू?" वीस तारखेला दुपारी पुलाखाली बाईक घसरली. बाराच्या सुमारास. हेल्मेट होतं. वर ओरखडासुद्धा नाही, आत सगळं बंद. "डॉक्टर म्हणतत, आता काय उरलेला नाय. पण जीव जाता नाय ह्येचो. कोणीतरी ह्येका धरून ठेवलेलो आसा गो."

आत गेले. केवढासा झालाय. आयसीयूत सगळीकडे स्पिरिटचा वास, आणि त्याच्यावर वाकले तर ओल्या मातीचा. दंडावर लाल रेघ. सलाईनच्या पट्टीची असेल. पट्टीचीच असेल.

मी त्याला मारलं. हेच एक वाक्य सारखं डोक्यात. पण मग एक शंका — मडकं फुटलं, तर हा अजून इथे कसा?

२२ मार्च

गिरगावात गेले. आई डाळ निवडत होती. सरळ विचारलं, "ते मडकं फोडलंस ना?"

आईनं ताटातून मान वर केली नाही.

"अगं, गुडघाभर पाण्यात उभी होते. इतक्यात चौपाटीवरच्या गार्डनं शिट्टी मारली. म्हणे, आजी, कचरा टाकू नका! कचरा! शंभर माणसं बघायला लागली. म्हटलं, उद्या येऊ. मग घरात पाहुणे, तुझी हळद... राहूनच गेलं."

"कुठाय?"

माळ्यावर. पितळी डब्यांच्या मागे. स्टुलावर चढून खाली काढलं. फडकं जसंच्या तसं. पाणी अर्ध्याच्याही खाली गेलं होतं, बाहेरून मडकं घामेजलेलं. हातात घेतल्यावर ते कोमट लागलं. माळ्यावर उकडतं, म्हणून असेल.

आई म्हणाली, "उघडू नकोस हां ते. त्यात तुझा सगळा मंगळ आहे. येत्या अमावास्येच्या आत नेऊन फोडते, मग सुटलो."

सुटलो! कोण सुटलो?

२५ मार्च

चोरी केली. आई देवळात गेली असताना मडकं उचललं आणि टॅक्सीत बसले. परळपर्यंत मांडीवर. टॅक्सीवाला म्हणाला, "मॅडम, पानी छलक रहा है, संभालो." सांभाळलं. अनिशला सांगितलं, आईच्या देवाचं आहे, काही दिवस ठेवायचं आहे, हात लावू नकोस. "बरं," म्हणाला. आईला फोनवर सांगितलं, मीच फोडलं. आई 'बरं झालं बाई' म्हणून रडली.

फिल्टरचं दोन तांबे पाणी घातलं. काठोकाठ.

२७ मार्च

त्याचा ताप उतरला. मावशींचा फोन. डॉक्टर चकित.

मला कळतं. नमुना एक, प्रयोग एक, कुणी हिंग लावून विचारणार नाही. हे निव्वळ योगायोग आहेत, असं मी दुसऱ्या कुणालाही ठणकावून सांगितलं असतं.

३० मार्च

पाडवा. अनिशनं गॅलरीत गुढी उभारली, मी नैवेद्य केला. तो आंघोळीला गेल्यावर ओट्याखालच्या मडक्यापुढेही श्रीखंडाची वाटी ठेवली. दोन मिनिटं. मग मीच खाल्ली.

६ एप्रिल

रोज सकाळी अनिश उठायच्या आधी पाणी घालते. मडकं झिरपतं, जेवढं झिरपतं तेवढं घालते. घालताना बोलते त्याच्याशी. काय बोलणार — आज लॅबला उशीर होईल, ती जिन्यातली मांजर आठवते का तुला, तुझ्या आईचं गुडघ्याचं औषध आणून दिलंय. चार वर्षांत जेवढं बोललो नसू तेवढं या बारा दिवसांत झालं. मग अनिशसाठी चहा टाकते. दोन नवऱ्यांची सकाळ! हसू येतं आणि लगेच स्वतःचीच शिसारी येते.

खरं ते लिहिते. मला बरं वाटतं. तो कुठेही जाऊ शकत नाही, हे बरं वाटतं.

१२ एप्रिल

आज आयसीयूबाहेर मावशी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. मला वाटलं, त्या बरं कर म्हणून मागणं मागतायत. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. "देवा रे, सोडव ह्येका. लय झाला. सोडव माझ्या झिलाक."

त्यांच्या लेकाला कोण सोडत नाहीये, ते माहीत असलेली बाई त्यांच्या मागे पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती.

आत गेले. त्याचे डोळे अर्धवट उघडे होते. बघत नव्हते. फक्त उघडे. गालावरून पाण्याचा ओघळ सारखा, थांबतच नाही. नर्स म्हणाली, तसं होतं, पापण्या मिटत नाहीत ना. किती दिवस होतंय, विचारलं. म्हणाली, "झाले की पंधरा-वीस दिवस."

१३ एप्रिल

पाणी घातलं नाही.

दुपारी लॅबमधून धावत घरी आले आणि घातलं.

१६ एप्रिल

अनिशनं जेवताना विचारलं, "मनवा, सकाळी कुणाशी बोलतेस गं?"

"देवाशी."

"बरं." मग थोड्या वेळानं, "माझ्याशी पण बोलत जा कधीतरी. मी पण लवकर उठेन हवं तर."

ताटावरून उठता येईना. मी याच्यावर काय घेऊन आलेय घरात? पहिला नवरा टिकवायचा, तर जे यायचं ते दुसऱ्यावर येणार — गुरुजींचा हिशेब साधा होता. आणि मी तो मंगळ ओट्याखाली ठेवून, वर याच्या पोळ्या लाटतेय.

अनिशला दोन दिवस डोकेदुखी आहे. उन्हानं. एप्रिलमध्ये सगळ्यांचंच दुखतं.

१९ एप्रिल

ठरवलं. फोडायचं. मीच फोडायचं, चौपाटीवर, शिट्टी वाजली तरी. हितेंद्रचा निरोप घेऊन आले. कानात सांगितलं, "जा आता." मशीन तसंच वाजत राहिलं. रखमामावशींनी माझा हात हातात घेतला होता, तो मला सोडवून घेता येईना.

उद्या नक्की.

२० एप्रिल

उद्या.

२१ एप्रिल

आज पाणी घालताना रडले. थोडंच घातलं. उद्या लॅबनंतर जाईन. नक्की!

२२ एप्रिल

सहाला घरी आले. मडकं ओट्यावर, फडक्याची नीट घडी बाजूला. रिकामं.

अनिश अर्ध्या दिवसानं घरी आला होता, डोकं धरून. "बिल्डिंगचा पंप बिघडलाय, फिल्टर कोरडा. म्हटलं, देवाचं म्हणजे तीर्थच की! हात जोडून प्यायलो. सगळंच संपलं, सॉरी. पण काय गार होतं गं!"

मला हितेंद्र आठवला नाही. देवाशप्पथ नाही. अनिशला ओढत बेसिनपाशी नेलं, ओरडले, बोटं घाल घशात, ओक, सगळं ओक! तो आधी हसला. मग माझं तोंड बघून थांबला.

आता सोफ्यावर पडलाय. झोप येतेय म्हणतो. फोन वाजतोय — रखमामावशी, तिसऱ्यांदा. मी उचलत नाहीये. एका हातानं लिहितेय, दुसऱ्या हातात अनिशचं मनगट आहे.

नाडी लागतेय. अजून लागतेय.