उडाला की बसला?

९ फेब्रु., सोम.
कारखान्याच्या गच्चीवरच्या ट्रेमधलं रंगाचं लाल सांडपाणी जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्वच्छ! पांढरी पूड आणि वर ऊन, बस. उन्हाने पूड चेतते आणि रंगाचे तुकडे करते, हे मी सांगायचे तेव्हा अख्खं डाइंग खातं हसायचं. आज प्लांट मॅनेजर शहासाहेब स्वतः जिने चढून आले. "मॅडम, कलर तो उडी गयो!" शनिवारी मालक बघायला येणार. पसंत पडलं की मोठी टाकी, आणि सांडपाण्याचा जुना प्लांट बंद. येताना सामरवरणीच्या नाक्यावरून फाफडा-जिलेबी आणली.

१० फेब्रु., मंगळ.
एक गोष्ट राहिली होती. तसाच ट्रे, तेच पाणी, तीच पूड, पण वर काळं प्लास्टिक. ऊन नाही तर रंग जायला नको.
संध्याकाळी उघडला. पाणी स्वच्छ. पूड गुलाबी.
रंग उडालाच नाही, पुडीवर बसला! सुतावर रंग बसवायची नोकरी माझी, आणि मलाच... स्टोअरमध्ये जाऊन रडले.

११ फेब्रु., बुध.
रडून झालं. दोन्ही ट्रेमध्ये पूड तीच ठेवून नवं लाल पाणी ओतलं. झाकलेला लालच राहिला, पूड रंगाने भरली, आणखी घेईना. उघडा जरा उतरला, पण तोही लाल. म्हणजे ऊन काम करतंय, दमादमाने. माझी पूड खोटी नाही. "जेवणापर्यंत स्वच्छ" हे खोटं.
शहासाहेबांना सांगितलं.
"पाणी साफ थयुं ने? तो बस."
"पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी लाल पाणी नाल्यात जाईल, साहेब."
"शनिवार एकच दिवस आहे, मॅडम. तो झाकलेला उचलून ठेवा."
नाही उचलणार, म्हटलं.

१२ फेब्रु., गुरु.
नवरा, विलास, सुरंगीच्या शाळेत शिकवून दमून आला, तरी थट्टा चालूच. "स्वतःच्याच पोराविरुद्ध साक्ष देणार तू?"
म्हटलं, माझं हे पुडीचं पोरगं गुणी आहे, हळू चालतं. पळायला लावून त्याला तोंडघशी पाडू देणार नाही.
मग तो हळूच, "तुला काढून टाकलं तर?"
टाकू देत. नाल्याच्या खालच्या अंगाला वांग्याचे वाफे आहेत, पाणी तिथूनच उचलतात. जुना प्लांट बंद झाला की... पुढचं लिहवत नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
झाकलेला ट्रे गायब. गोडाऊनमागे सापडला, ओतून दिलेला. फार छान! दुसरा केला. वर मोठ्या अक्षरांत "हात लावू नये", खाली माझं नाव. साहेब बघून गेले. संध्याकाळी पूड गुलाबी. तीत नवं लाल पाणी ओतून पुन्हा झाकलं.

१४ फेब्रु., शनि.
साहेबांनी कोरी पूड घातलेला ट्रे मांडला होता. पाणी नितळ. टाळ्या. मालकांनी माझ्या काळ्या प्लास्टिककडे बोट केलं, "आ शुं छे?"
"कंई नथी, सर, जूनुं छे," शहासाहेब.
मी प्लास्टिक ओढलं. लालभडक. "पूड हीच, सर, फक्त पाणी दुसऱ्या खेपेचं. पहिल्या खेपेचा रंग उडाला नव्हता, पुडीवर बसला होता." बुधवारपासून उन्हात ठेवलेला ट्रेही दाखवला, अजून लालसर. मग थांबलेच नाही. टाक्या उथळ बांधा, जास्त बांधा, उन्हाला वेळ द्या, तोवर जुना प्लांट चालू ठेवा. आवाज चढला होता. चढू दे.
मालक वाकून गुलाबी पुडीत बोट फिरवत राहिले. मग बोट पुसून, निर्णय न देताच जेवायला गेले.
शहासाहेब जिन्यात, "सोमवारे केबिनमां आवजो."
जाईन की.
गच्ची रिकामी झाल्यावर उन्हातल्या ट्रेपाशी बसले. कडेची पूड पांढरी होत होती, किंवा मला तसं हवं होतं. तसाच ठेवून आले. उद्या सुट्टी मला आहे, उन्हाला नाही. वॉचमनला बजावलंय, कोणी हलवायला आलं तर आधी मला फोन कर.