ख्याल मला आवडत नाही

रत्नागिरी, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, रविवार

आज वकिलांच्या ओटीवर बाहेरगावच्या बुवांचं गाणं झालं. आम्ही बायका माजघरात, चिकाच्या पडद्याआड, बांबूच्या काड्यांच्या फटींतून बघत. बुवा एका 'आ'वर किती वेळ होते! सगळे "वाहवा" करत होते आणि मला जांभई आवरेना. लग्न झाल्यापासून प्रयत्न करतेय. हे पेटीवर स्वर वाजवून राग समजावतात. मी मन लावून ऐकते, पण आत काही हलतच नाही. त्या एका 'आ'त या सगळ्यांना काय सापडतं? माझ्यातच काही कमी आहे का? मग कीर्तनात डोळे कसे भरून येतात?

घरी येताना यांनी विचारलं, "कसं वाटलं?"

आजवर "छान" म्हणत आले. आज तोंडून गेलं, "खरं सांगू? मला नाही हो आवडत. कंटाळा येतो."

हे थबकले. "मग पुढल्या खेपेस नको येऊस. उगाच शिक्षा कशाला?"

रागावले असते तर बरं झालं असतं.

कचेरीत दिवसभर मान खाली घालून बसणारा हा माणूस गाण्यात डोलायला लागला की किती वेगळा दिसतो! मी तेवढंच बघायला जात होते. हे आता कुठल्या तोंडानं सांगू?