येताना टोपी आणू नकोस

प्रिय फ्योरेंझा,

बोगद्यात यायचं तर काय काय आणू, असं तू फोनवर विचारलंस आणि मी "पत्रात लिहिते" म्हणून फोन ठेवून दिला. आईचं डोकं फिरलं असं तुला वाटलं असेल. पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात तुझी आजी आहे. तिला ऐकू कमी येतं ते फक्त लाकडं आणायला सांगितली की. म्हणून मी गोठ्यामागच्या बाकावर बसून लिहिते आहे.

आधी दिवे. एक कपाळावर, एक खिशात आणि एक पिशवीच्या तळाशी. मोबाईलच्या उजेडावर येणारे लोक पहिल्या वळणापर्यंत हसत जातात. महायुद्धात सैनिकांनी तो बोगदा सरळ खणलेला नाही, डोंगराच्या पोटात वळणं घेत वर नेला आहे, त्यामुळे एक वळण झालं की बाहेरचा उजेड संपतो. तू लहान असताना बाबा मुद्दाम दिवा विझवायचे आणि विचारायचे, "डोळे उघडे आहेत की मिटलेले?" तू स्वतःच्या पापण्यांना बोट लावून बघायचीस आणि खिदळायचीस. मला कधी हसू आलं नाही. मी त्यांच्या कोटाचं टोक धरून उभी राहायचे.

लोकर आण. ऑगस्ट आहे म्हणून पातळ कपड्यांत येऊ नकोस. वर उन्हाने पाठ भाजेल आणि आत श्वासाची वाफ दिसेल. मी विणलेला करडा स्वेटर आण, जो तू पादोव्हाला राहायला जाताना नेलास आणि एकदाही घातला नाहीस. मोजे दोन जोड, बूट घोट्याच्या वरपर्यंतचे. हातमोजे चामड्याचे, कारण धरायला लावलेल्या तारेचे धागे सुटले आहेत आणि ते हातात घुसतात. कमरेला बांधायचा दोन कड्यांचा पट्टा बाबांचाच वापर, मी तेल लावून ठेवला आहे. डोंगरकड्यावर एका तारेवरून दुसरीवर जाताना एक कडी नीट अडकल्याशिवाय दुसरी सोडायची नाही. बाबा हेच तुझ्या प्रेमप्रकरणांबद्दलही म्हणायचे, आणि तू चिडून जेवायची नाहीस.

हेल्मेट मात्र तुझं तू आण. इथे भाड्याने मिळतात, पण ती सगळी सामान्य माणसांच्या मापाची. तू बाबांवर गेलीस आणि बाबा आजीवर. तुझ्या जन्माच्या वेळी सुईण म्हणाली होती, "इल्दा, ही मुलगी नव्हे, हा भोपळा आहे." मी त्या वेदनांतही हसले होते.

हे पट्टा नि कड्या कशाला, असं तुझ्या मनात येईल. नेहमीचं खालचं तोंड तर चालत गाठता येतं. पण तुला वरच्या तोंडाने आत जायचं आहे आणि खालच्या तोंडाने बाहेर यायचं आहे. खालच्या तोंडाशी काय आहे ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण इतक्या वर्षांत मी ते एकदाही कागदावर बघितलेलं नाही. तिथे तुझ्या बाबांची काठी रोवलेली आहे आणि काठीवर त्यांची टोपी आहे.

लढाई संपल्यावर खोऱ्यातले लोक भंगार आणायला बोगद्यात शिरायचे, तेव्हाची ही रीत. आत जाणाऱ्याने तोंडाशी टोपी ठेवायची, बाहेर आल्यावर उचलायची. टोपी आहे तोवर माणूस "आत" आहे. दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. तोवर घरच्यांनी चूल विझू द्यायची नाही आणि बायकोने पूल ओलांडायचा नाही, म्हणजे हाक आली तर ती जागेवर सापडेल. शहाणी रीत होती. फक्त ती एका दुपारपुरती केलेली होती. कोणी वर्षानुवर्षं आत राहील असं रीत करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

बर्फ वितळत होतं आणि बाबा आतले टेकू तपासायला गेले. बोगद्याची बाजूची शाखा त्यांच्यावर ढासळली. तू शाळेत होतीस. शोध करणाऱ्यांनी मुख्य वाट मोकळी केली, टेकू दिले, पण शाखेपुढे हात टेकले. ते गेले हे सगळ्यांना माहीत आहे. पण टोपी तिथेच असल्यामुळे कोणी "गेले" म्हणत नाही. दुधाच्या रांगेत बायका अजून विचारतात, "एर्मेस आतच ना गं?" जशी काही मी त्यांना कुलूप लावून आले आहे. दोन नोव्हेंबरला चर्चमध्ये मेलेल्यांची नावं वाचतात, त्यात त्यांचं नाव नसतं. आपले पाद्री डोन जेर्वाझिओ म्हणतात, "आत असलेल्या माणसासाठी मी मेलेल्यांची प्रार्थना कशी म्हणू, इल्दा?" टोपी भिजू नये म्हणून शेजारच्या गाईवाल्या बोर्तोलोने वर पत्र्याचं छप्पर ठोकून दिलं. एका वसंतात तिच्यात पाखराने घरटं केलं तर पिल्लं उडेपर्यंत वाटाड्यांनी पर्यटकांना तिकडे फिरकू दिलं नाही. आता तर त्यांना बोगद्याच्या मधल्याच दाराने बाहेर काढतात. त्या टोपीची जेवढी काळजी घेतली जाते तेवढी माझी कोणी घेतली असती तर मी गुबगुबीत झाले असते.

माझ्या नातवाच्या, तोबियाच्या बाप्तिस्म्याला मी आले नाही म्हणून तू महिनाभर बोलली नाहीस. गुडघ्याचं मी सांगितलं ते खरं नव्हतं. मी निघाले होते. निळा पोशाख घातला होता, बॅग भरली होती, पुलापाशी उभी होते आणि बस वळणावर दिसत होती. बोर्तोलो गाई घेऊन येत होता. त्याने मला अडवलं नाही. डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि हळूच म्हणाला, "इल्दा, आणि तो आज आला तर?" बस थांबली, दार उघडलं, ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली आणि घरी येऊन चुलीत लाकूड घातलं. माझा हात कोणी धरलेला नाही गं. धरला असता तर झटकला तरी असता. डोंगर बाबांवर कोसळला, पण आत मी राहते आहे. मला या खोऱ्याचा वीट आला आहे, आणि तसं वाटलं की बाबांची आठवण येऊन मला स्वतःचीच लाज वाटते. मी त्यांच्यावर अजून प्रेम करते. पण मी दमले आहे.

पत्राच्या सुरुवातीला मी एक थाप मारली. आजीपासून लपवण्यासारखं काही नाही, फोनवर मला रडू फुटलं असतं एवढंच. हे सगळं तिच्याच डोक्यातून निघालं आहे. परवा मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळता ढवळता ती एकदम म्हणाली, "टोपी बाहेर येणाऱ्याने उचलायची असते. एर्मेसनेच उचलावी असं कोण म्हणालं?"  मग चमचा माझ्या हातात देत ती म्हणाली, "मला मरायच्या आधी माझ्या मुलासाठी चर्चची घंटा ऐकायची आहे. पोरीला बोलव. ती टोपी तिच्याच डोक्याला बसेल." इतकी वर्षं मला वाटत होतं की ही म्हातारी माझ्यावर पहारा देते आहे. ती माझ्या शेजारच्याच कोठडीत होती.

बोर्तोलोला मी विचारलं. तो गाईच्या कानामागे खाजवत म्हणाला, "बाहेर येणाऱ्याने. बरोबर आहे म्हातारीचं." तो तुझ्या पुढे चालेल आणि शेवटच्या वळणावर थांबेल, कारण तिथून तुला एकटीनेच यायचं आहे. मी स्वतः आले असते, पण वाट बघणारीच आत गेली तर वाट कोण बघणार? तुला त्या डोंगरात पाठवायची मला भीती वाटते, हे खरं आहे. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही.

आलीस तर ढासळलेल्या शाखेपाशी एकदा दिवा विझव, डोळ्यांना बोट लाव आणि बाबांशी काय बोलायचं ते बोल. मग चालत ये. उजेड दिसला की हेल्मेट काढून बोर्तोलोकडे दे आणि बोडक्या डोक्याने बाहेर ये. ती टोपी उचल, झटक, तिच्यात कोळी असेल, आणि डोक्यावर घाल. मी निळा पोशाख घालून, बॅग घेऊन समोर उभी असेन. आजी माझ्याशेजारी खुर्चीत बसलेली असेल आणि घरी चूल विझत आलेली असेल. डोन जेर्वाझिओंनी घंटेचा दोर हातात धरलेला असेल. घंटा झाली की तू मला हात दे आणि पुलापलीकडे ने. तोबिया मला ओळखणार नाही, पण ते आम्ही दोघं बघून घेऊ.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई